उजव्या हाताची पकड

ताईला सगळे पैलवान म्हणत. नाव वडिलांनी पाडलेलं. शाळेत असताना तिने एकदा भरीव लाकडाचं कपाट एकटीने ढकलत वर्कशॉपच्या दारापर्यंत आणलं होतं आणि कपाळावरचा घाम पुसत विचारलं होतं, आणखी काही न्यायचंय का. धाकटीचं नाव पडलं शंकासूर, कारण तिला कुठलंही सरळ काम सरळ दिसायचं नाही. शिडी घसरली तर? दार आतून अडकलं तर? बोलता बोलता शंकासुराचं शंकू झालं. पुढे तिचं लग्न झालं, मुलगी झाली, ती मुलगी शाळा संपवायच्या वयाची झाली, तरी शंकू शंकूच राहिली.

वडिलांच्या मागे वर्कशॉप दोघींनी चालवलं. जुनं फर्निचर नवं करून द्यायचं काम. पुढच्या खोलीत शंकू गाद्या बदलायची, कापड ताणून बसवायची आणि गिऱ्हाइकांशी बोलायची. मागची खोली ताईची. तिथे जुना रंग काढायचा, लाकडातला किडा मारायचा आणि शेवटी चकाकीसाठी लॅकर फवारायचं. रंग काढायचं पातळ औषध ब्रशने लावलं की रंगाला फोड यायचे आणि मग तो पापुद्र्यासारखा निघायचा. किडा मारायचं औषध लाकडाच्या एकेका भोकात सुईने सोडायचं. सगळं झालं की हात थिनरने धुवायचे. खोलीला एकच खिडकी होती, तीही कधीच्या काळी रंगाने चिकटून बसलेली. आत आलेल्या गिऱ्हाइकाचे डोळे चुरचुरायचे. ताई हसायची. ज्याला नाक आहे त्याने फुलांचं दुकान काढावं, असं तिचं म्हणणं. तिने लग्न केलं नव्हतं. विचारलं तर म्हणायची, मला उचलून नेईल असा कुणी भेटला नाही.

एका दुपारी ताई मागच्या खोलीत लांबलचक जेवणाच्या टेबलाला लॅकर मारत होती. फवाऱ्याचा आवाज मध्येच तुटला, पुन्हा सुरू झाला, पुन्हा तुटला. शंकू डोकावली. ताई डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं फवाऱ्याच्या गनच्या खटक्यावर दाबून धरत होती.

"गन अडकतेय," ताई म्हणाली. "जरा साफ करून दे."

शंकूने गन उघडली. नळी, सुई, खटका सगळं खोलून पाहिलं. गन अगदी स्वच्छ होती. तरी तिने ती पुसली, परत जोडली आणि झाली म्हणून सांगितलं.

मग बारीकसारीक गोष्टी दिसायला लागल्या. ताई चहाचा कप दोन्ही हातांनी धरायला लागली. कुलपात किल्ली घातली की ती फिरवायला शंकूला हाक मारायची आणि आव असा आणायची की आपल्याला घाई आहे. शर्टाची बटणं लावायची सोडून तिने बंद गळ्याचे टीशर्ट घालायला सुरुवात केली. नेहमीच्या डॉक्टरांनी मानेचा मणका म्हणून सांगितलं, पट्टा दिला, व्यायाम दिले. ताईने व्यायाम इमानेइतबारे केले. पट्ट्याला ती घोड्याचा लगाम म्हणायची. फरक काही पडला नाही. एकदा शंकूने तिच्या हातात पाण्याचा ग्लास दिला आणि तिची नजर ताईच्या पंजावर अडकली. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधला फुगीर भाग बसला होता. तिथे खळगा पडला होता, उन्हात वाळलेल्या फळासारखा. त्या खळग्याच्या कडेला कातडीखाली काहीतरी बारीक लवलवत होतं.

मेंदू आणि नसांच्या डॉक्टरांकडे ताईला नेताना शंकूला तिच्याशी जवळजवळ भांडावं लागलं. डॉक्टर मध्यमवयीन बाई होत्या, मोजकं बोलणाऱ्या. चष्मा डोळ्यांपेक्षा कपाळावरच जास्त असायचा. त्यांनी ताईला ढकल म्हटलं, ओढ म्हटलं, जीभ बाहेर काढायला लावली. मग नसांना विजेचे झटके देऊन पाहिलं आणि स्नायूंत सुया घालून मशिनवर आवाज ऐकला. आपल्यालाच गादीसारखं टाचतायत, असं ताई म्हणाली आणि हसली. डॉक्टर हसल्या नाहीत. त्यानंतर रक्त झालं, मानेचा फोटो झाला, काही महिने थांबून सुया पुन्हा झाल्या. दुसरं काही निघेल, मणका निघेल, जीवनसत्त्वाची कमतरता निघेल, अशी आशा शंकू धरून होती. एकेक तपासणी नीट निघत गेली तशी ती आशा आटत गेली.

शेवटी डॉक्टरांनी दोघींना समोर बसवलं आणि आजाराचं नाव सांगितलं. मोटर न्यूरॉन डिसीज. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा मरत जातात, हुकूम पोचत नाही, स्नायू वाळतो. हातातून पायात, पुढे बोलण्यात, गिळण्यात, श्वासात. डोकं शाबूत राहतं. पूर्ण बरं करणारं औषध नाही, थोडं हळू करणारं आहे. किती काळ, ते माणसागणिक वेगळं. ताईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, कामावर जाऊ का. जमेल तितकं जा, डॉक्टर म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, काम काय करता?

ताईने सांगितलं, फर्निचरचं. तेवढ्यावर थांबली असती. पण शंकूच्याने राहवलं नाही. तिने थिनर सांगितलं, रंग काढायचं औषध सांगितलं, किडा मारायचं औषध सांगितलं, वडिलांच्या वेळचा तो जुना डबा सांगितला, ज्यावरचं लेबल कधीच गळून पडलं होतं. डॉक्टर लिहून घेत होत्या. डब्यापाशी त्यांचं पेन थांबलं, मग पुन्हा चालायला लागलं. बाकी सगळं शंकू विसरली असती. ते पेन थांबलेलं ती विसरली नाही.

"त्यामुळे झालं का?" तिने विचारलं.

डॉक्टरांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. त्यांनी सांगितलं ते असं, की अशी द्रावणं आणि कीटकनाशकं वर्षानुवर्षं हाताळणाऱ्या लोकांत हा आजार थोडा जास्त दिसतो, असं काही पाहण्यांतून निघालंय. काहींतून तसं निघालेलं नाही. जन्मभर हेच काम करून ठणठणीत राहणारे पुष्कळ आहेत आणि या डब्यांचं तोंडही न पाहिलेल्यांना हा आजार झालेला आहे. एका माणसाकडे बोट दाखवून याला यामुळेच झालं, असं सांगता येत नाही.

शंकूच्या ओठांवर पुढचा प्रश्न आला होता. पण तो ताईच्या देखत कसा विचारायचा? तिने तो गिळला.

बाहेर पडून दोघी रिक्षात बसल्या. घर जवळ आल्यावर ताई म्हणाली, "त्या बाईंसमोर माझ्या दुकानाचा विषय काढायची काय गरज होती? वडिलांनी त्यावर आपल्याला वाढवलं."

शंकूची डावी पापणी लवत होती.

त्या दिवसापासून शंकूच्या अंगात जणू एक पहारेकरी येऊन बसला. पापणी दोन दिवस लवली आणि थांबली, तर पोटरी लवायला लागली. अंघोळ करताना ती आरशासमोर दोन्ही पंजे शेजारी शेजारी धरून बघायची. उजवा जरा बारीक वाटतो का? स्वयंपाक करता करता एका पायावर उभी राहायची आणि ओट्याला हात न लावता किती वेळ टिकते ते बघायची. बरण्यांची झाकणं घट्ट लावून ठेवायची, मग पुन्हा उघडायची. घास घशात जरा अडला की ती लगेच दुसरा गिळून बघायची. इतकी वर्षं पुढच्या खोलीत बसले, पण दार तर उघडंच होतं ना? वास तर येतच होता. ताईला बरं नसलं की फवारा मीच मारायचे. हात थिनरनेच धुवायचे. हिशेब असा चालायचा आणि उत्तर कधी यायचं नाही.

नवरा बस चालवायचा. पहाटे जायचा, दुपारी यायचा, आणि त्याच्या नजरेतून सुटायचं नाही काही. एकदा ती भरलेली कढई एका हाताने उचलून धरून उभी असलेली त्याने पाहिली.

"भाजी करतेयस की वजन करतेयस?" त्याने विचारलं.

तिने कढई खाली ठेवली आणि त्याच्यावरच डाफरली. त्याने तिच्या हातातून झारा घेतला आणि भाजी परतायला लागला. मग म्हणाला, की दाखवून ये एकदा. ती म्हणाली, मला काय झालंय? तो म्हणाला, तेच विचारून ये.

ती गेली नाही. गेलं आणि हो म्हणाले तर?

त्यात मुलीने नवीनच काढलं. मुलगी लहानपणापासून शाळा सुटली की वर्कशॉपमध्ये यायची, भुशात बसून अभ्यास करायची आणि मावशीच्या हातात हत्यारं द्यायची. एका संध्याकाळी जेवताना तिने सांगितलं, की परीक्षा झाली की मी मावशीच्या हाताखाली काम शिकणार. मावशीने हो म्हटलंय. मावशीचे हात चालेनासे व्हायच्या आत तिला सगळं शिकवायचंय.

शंकूने ताट बाजूला सारलं. तोंडात येईल ते बोलली. त्या खोलीत तू पाऊल टाकायचं नाहीस, म्हणाली. मुलीने विचारलं का, तर सांगता आलं नाही. सांगितलं तर ते मावशीच्या कानावर जाणार आणि मग ताईला वाटणार की आपली बहीण आपल्याकडे आता एखाद्या विषाच्या बाटलीसारखं बघते. मुलगी रडत उठली. नवऱ्याने शंकूला पाणी प्यायला दिलं. तिला आठवत राहिलं ते एवढंच, की पोर चौथीत असताना रिकामे डबे एकावर एक रचून त्यांचा किल्ला करायची आणि आपण कौतुकाने बघत उभ्या असायचो.

दुसऱ्या दिवशी तिने डॉक्टरांची वेळ घेतली. ताईला सांगितलं, सोफ्याचं कापड बघायला बाजारात चाललेय, उशीर होईल. ताई म्हणाली, हो, जा, मलाही जरा बँकेत जायचंय.

दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत भिंतीला लागून खुर्च्या होत्या. शंकू आत शिरली आणि दारातच थबकली. कोपऱ्यातल्या खुर्चीत ताई बसली होती. उजवा हात मांडीवर उताणा पडलेला, डाव्या हातात पिशवी. ताईनेही तिला पाहिलं. पळून जायला दोघींनाही जागा नव्हती.

शंकू शेजारी जाऊन बसली. थोडा वेळ दोघी समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिल्या.

"बँक बरी आहे," शंकू म्हणाली.

"कापड मिळालं का?" ताईने विचारलं.

मग ताईच हसली. तिचं हसणं आता थोडं ओलं झालं होतं, जिभेवरून घसरायचं. हसू ओसरल्यावर ती म्हणाली, "मी तुझ्यासाठी आले होते. तुला होईल का ते विचारायला. तुझ्यासमोर विचारलं असतं तर तू घाबरली असतीस."

"मीही तेच विचारायला आलेय," शंकू म्हणाली. "तुझ्यासमोर विचारलं असतं तर तुला वाईट वाटलं असतं."

ताईने डावा हात तिच्या गुडघ्यावर ठेवला. "दुकानाचा विषय काढलास म्हणून मी चिडले त्या दिवशी. मला ठाऊक होतं गं. तो वास घरी अंथरुणातसुद्धा माझ्या केसांना यायचा. पण ते खरं मानलं तर मग तुझं काय, पोरीचं काय, तिथे जाऊन पोचायचं. त्यापेक्षा चिडणं सोपं."

दोघी आत एकत्रच गेल्या. डॉक्टरांनी आणखी एक खुर्ची ओढून दिली. शंकूला ढकल म्हटलं, ओढ म्हटलं, टाचांवर चालवलं, जीभ बघितली. मग सुया. सुई पोटरीत शिरली तेव्हा शंकूने डोळे घट्ट मिटून घेतले आणि मशिनच्या खरखरीतून काही अर्थ निघतो का ते ऐकायला लागली. ताईच्या वेळी हा आवाज कसा होता? पत्र्यावर पाऊस पडावा तसा. आताही तसाच आहे की वेगळा आहे? डॉक्टर म्हणाल्या, आता पाय सैल सोडा, आणि आवाज बंद झाला. शंकूला वाटलं, मशीन बिघडलं. डॉक्टरांनी सांगितलं, की शांत स्नायूने शांतच असायला हवं.

सगळं नीट होतं. ताकद पूर्ण होती, कुठे वाळलेलं नव्हतं. नुसतं लवणं पुष्कळांना होतं, दमलं की होतं, झोप नसली की होतं, काळजीने तर होतंच. घराण्यात कुणाला असं काही होतं का? नाही, वडील हृदयविकाराने गेले, आई तापाने. मग तेही फार धरून बसायचं कारण नाही.

"म्हणजे मला होणार नाही?" शंकूने विचारलं.

"आज तुम्हाला तो आजार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "उद्याचं वचन मी देऊ शकत नाही. तुम्हालाच काय, मलाही कुणी देऊ शकत नाही. पण मी तुमच्या जागी असते तर ते डबे ठेवले नसते. या आजाराचं सोडा, बाकी शरीरालाही त्यांनी कधी भलं केलेलं नाही."

शंकूला वाटलं होतं, हे शब्द ऐकले की छातीवरचा दगड उतरेल. दगड उतरला नाही, नुसता जरा सरकला. आणि बाहेर येऊन तिने ताईला चपलेचा पट्टा लावून दिला तेव्हा तिला एकदम लाज वाटली, की आपण सुटलो म्हणून आपल्याला बरं वाटतंय. ताई वरून तिच्या डोक्याकडे बघत होती. म्हणाली, की चल, आता रिक्षा नको, तुझे पाय चालतायत तोवर मला धरून चालव.

त्याच आठवड्यात डबे काढायचे ठरले. ते फेकायचे कुठे, हा निराळाच घोर. मोरीत ओतायचे नाहीत, मातीत नाहीत, कचऱ्यात नाहीत. नगरपालिकेत विचारून विचारून कळलं, की गावाबाहेरच्या केंद्रात असला माल घेतात. नवऱ्याने मित्राची गाडी आणली. ताईने दारात खुर्ची टाकून कुठला डबा कशाचा ते सांगितलं, शंकूने आणि मुलीने हातमोजे चढवून एकेक उचलला. मुलीला त्या खोलीत नेमकं काय आहे आणि आई का ओरडली, ते मावशीनेच सांगितलं होतं. बिनालेबलचा डबा तळाला गंजला होता. शंकूने तो जुन्या बादलीत ठेवला, भोवती वाळू भरली आणि बादली मांडीजवळ धरून मागच्या सीटवर बसली. गाडीच्या सगळ्या काचा उघड्या. नवरा बससारखीच गाडी हाकत होता, प्रत्येक खड्ड्याआधी थांबून, आणि मागचे गाडीवाले भोंगे वाजवत होते. प्रत्येक धक्क्याला डबा बादलीत कुरकुरायचा आणि शंकू बादली आणखी घट्ट धरायची. केंद्रावरच्या माणसाने तो डबा पाहिला, नाकावर फडकं ओढलं आणि दोन हात लांबून विचारलं, हे तुम्ही घरात ठेवलं होतंत? शंकूने होकारार्थी मान हलवली. वर्कशॉप म्हणजे घरच होतं.

काम बदललं. रंग काढायला औषधाऐवजी गरम हवेचं यंत्र आणि पटाशी आली. लॅकर गेलं, मेण आणि तेल आलं. चिकटलेली खिडकी सुताराने चौकटीसकट काढली आणि तिथे मोठा पंखा बसवला. मुलगी तोंडाला जाड मास्क लावून काम करायची, आणि मास्क नाकाखाली घसरला की मावशी जमिनीवर पाय आपटायची. किडलेलं लाकूड घेणं बंद झालं. ज्यांना आरशासारखी चकाकी हवी होती ती गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. एक म्हातारी गिऱ्हाईक मात्र म्हणाली, की आता तुमच्याकडून आणलेली खुर्ची घरात ठेवली की डोकं दुखत नाही. इतकी वर्षं ती हे बोलली नव्हती.

ताईचे पाय पुढच्या वर्षी गेले. मग शब्द पाघळले. चिडली की ती वरच्या आवाजात बोलायची आणि कुणालाच काही कळायचं नाही, मग ती आणखी चिडायची. खाताना ठसका लागला की शंकू तिच्यापेक्षा जास्त घाबरायची. नळीतून खाणं सुरू झालं तेव्हा ताईने डाव्या हाताच्या बोटांनी टॅबलेटवर लिहिलं, स्वयंपाक आता बरा जमतोय तुला. त्या काळात शंकू स्वतःच्या पोटरीकडे बघायला जवळजवळ विसरली. कधीतरी मध्येच आठवण व्हायची, की आज बघितलंच नाही. आणि मग त्याचीच भीती वाटायची.

ताई एका सकाळी गेली, झोपेतून जागी होता होता. शंकू तिला कूस बदलून देत होती. खोलीत मेणाचा वास होता, कारण मुलगी आदल्या दिवशी मावशीच्या पलंगाशेजारीच एक छोटं स्टूल घासत बसली होती. ताईनेच बोलावून घेतलं होतं तिला, तिथे बसून कर म्हणून. डोळ्यांनी ती दाखवायची, कुठे अजून खडबडीत आहे ते.

त्यानंतर काही महिने गेले असतील. वर्कशॉपच्या शेजारी गाड्यांना रंग मारायचं गॅरेज होतं. तिथला रंगारी आडदांड गडी, बोलायला फटकळ. या बायकांनी मास्क लावायला सुरुवात केली तेव्हा तो म्हणाला होता, की आता ऑपरेशन करता का टेबलांचं. एका दुपारी तो दारात येऊन उभा राहिला. आत ये म्हटलं तरी येईना. मग दोन पावलं आला, इकडे तिकडे बघितलं आणि उजवा हात पुढे केला.

"हे नेहमीचं आहे का, बघा जरा," तो म्हणाला. "सकाळी मुंग्या येतात. गन सुटते हातातून."

शंकूने त्याचा पंजा उजेडात धरला. अंगठ्याखालचा भाग तिला जरा बसल्यासारखा वाटला, पण तिला आता कुणाचाही हात तसाच वाटायचा. आपण डॉक्टर नाही, हे तिने त्याला सांगितलं. मुंग्या येतात हे बरं लक्षण असू शकतं, असं मनात आलं होतं, ताईला मुंग्या कधी आल्या नव्हत्या. पण ते ती बोलली नाही. उगीच आशा दाखवायची आणि ती खोटी निघाली तर? तिने विचारलं, घरी सांगितलंयस का. त्याने नाही म्हणून मान हलवली. बायकोला दिवस गेलेत, म्हणाला.

तिने मुलीला दुकान सांभाळायला सांगितलं आणि त्याच्याबरोबर निघाली. त्याच खुर्च्या, तेच घड्याळ. त्याला आत बोलावलं तेव्हा तो उठला आणि पुन्हा बसला. म्हणाला, तुम्ही आत येता का. शंकूला आत जायचं नव्हतं. त्या मशिनची खरखर पुन्हा ऐकण्यापेक्षा तिने उपाशी राहणं पत्करलं असतं. तरी ती गेली, त्याच्या उशाशी उभी राहिली आणि सुई टोचताना त्या आडदांड गड्याने तिच्या ओढणीचं टोक मुठीत धरलं तेव्हा तिने ते सोडवून घेतलं नाही.

डॉक्टरांनी मनगटावर बोट ठेवून सांगितलं, नस इथे दबलीय. गन धरून धरून होतं. पट्टा बांधा, नाही सुधारलं तर छोटं ऑपरेशन. रंगारी पुन्हा पुन्हा विचारून खात्री करून घेत राहिला आणि मग बाहेर येऊन जिन्यात चक्क खाली बसला. शंकू त्याच्या वरच्या पायरीवर बसली.

"पण तुझ्या गॅरेजला खिडकी नाही," ती म्हणाली.

"पंखा बसवतो," तो म्हणाला.

"पंखा आणि मास्क. नुसता पंखा नाही."

तो हो म्हणाला. पुढे त्याने पंखा खरंच बसवला. मास्क मात्र कधी तोंडावर असायचा, कधी गळ्यात. गळ्यात दिसला की शंकू भर रस्त्यातून त्याला हाक मारायची. लोक बघायचे. ती कुणाला भीत नव्हती अशातला भाग नाही. तिला अजूनही सगळ्याचीच भीती वाटायची. फक्त आता ती भीती मनात न ठेवता ती मोठ्याने बोलून दाखवायची.